सिप्रियन दोघांच्याही यादीत कसा? आद्य ख्रिस्ती लेखन आणि पोपच्या अधिकाराचा वाद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वसईचे तुमचे काका म्हणतात की पहिल्या शतकापासून सगळी ख्रिस्तसभा पोपच्या आज्ञेत होती, आणि त्यासाठी त्यांनी आद्य ख्रिस्ती लेखकांची दहा-बारा अवतरणं पाठवली आहेत. तुमचे सासरे प्रोटेस्टंट मंडळीतले निवृत्त पाळक. त्यांनी तेवढीच अवतरणं उलट बाजूने पाठवली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा तिसऱ्या शतकातला बिशप सिप्रियन दोन्ही याद्यांत आहे, आणि तुम्ही विचारता की या दोघांपैकी खोटं कोण बोलतंय.

खोटं कोणीच बोलत नाहीये. दोन्ही याद्यांमधली बहुतेक वाक्यं त्या त्या लेखकांनी खरोखर लिहिलेली आहेत. अडचण अशी की ‘पोपचा अधिकार’ म्हणताना आपण किमान चार निरनिराळे दावे एकत्र कोंबतो. येशूचा प्रेषित पेत्र, ज्याचा वारस म्हणून पोपकडे पाहिलं जातं, तो रोमला आला आणि तिथे हुतात्मा झाला, हा पहिला. रोमच्या मंडळीला इतर मंडळ्यांहून अधिक मान होता, हा दुसरा. दूरदूरचे वाद रोमकडे जात आणि रोमच्या मताला खास वजन असे, हा तिसरा. चौथा दावा असा की पोपला जगातल्या प्रत्येक धर्मप्रांतावर पूर्ण आणि थेट अधिकार आहे, आणि श्रद्धा वा नीतीबद्दल तो साऱ्या ख्रिस्तसभेसाठी अंतिम व्याख्या देतो तेव्हा त्याची चूक होऊ शकत नाही. हा चौथा दावा पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 18 जुलै 1870 रोजी सिद्धांत म्हणून जाहीर केला. काका पहिल्या तिघांचे पुरावे देतात आणि चौथा सिद्ध झाला म्हणतात. सासरे चौथ्याविरुद्धचे पुरावे देतात आणि पहिले तीनही कोसळले असं धरून चालतात.

मी सेमिनरीत आद्य ख्रिस्ती लेखन शिकवतो आणि स्वतः कॅथलिक आहे. माझं उत्तर वाचताना हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. वर्गात कोणी अवतरण आणलं की मी त्याला तीन गोष्टी विचारतो. हे कोणाला लिहिलं होतं? भांडण कशावरून चाललं होतं? आणि रोमने आपल्या विरुद्ध मत दिलं तेव्हा या लेखकाने प्रत्यक्षात काय केलं? तिसऱ्या प्रश्नावर माझा सगळ्यात जास्त भर असतो. आपल्याला हवं तेच रोमने सांगितलं असेल तर रोमची स्तुती करायला काहीच कष्ट पडत नाहीत.

सिप्रियनपासूनच सुरुवात करू. 252 मध्ये त्याने रोमचा बिशप कॉर्नेलियस याला एक लांबलचक पत्र लिहिलं. आजच्या क्रमवारीत ते 59वं आहे. कार्थेजमध्ये ज्यांना बहिष्कृत केलं होतं त्यांच्या गटाची काही माणसं समुद्र ओलांडून रोमला दाद मागायला गेली होती. सिप्रियन संतापून लिहितो, की ही माणसं थेट पेत्राच्या आसनाकडे, जिथून धर्मगुरूंची एकी उगम पावली त्या मुख्य मंडळीकडे जायला धजावतात! काकांचं अवतरण इथे संपतं. त्याच परिच्छेदात, काही ओळी पुढे, सिप्रियन म्हणतो की गुन्हा जिथे घडला तिथेच खटला चालावा असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं आहे, आणि प्रत्येक मेंढपाळाला कळपाचा एक भाग नेमून दिलेला आहे, त्याचा हिशेब तो प्रभूला देईल. सासऱ्यांचं अवतरण इथून सुरू होतं. एकाच परिच्छेदाचे दोन तुकडे होऊन एक वसईला गेला आणि एक तुमच्या सासरी.

दोन-तीन वर्षांनी रोमला स्टीफन बिशप होता, तेव्हाची आणखी दोन पत्रं बघा. स्पेनमधल्या बॅसिलिडीस आणि मार्शियालिस या दोन बिशपांनी छळाच्या काळात, देवतांना बळी दिल्याचे सरकारी दाखले घेऊन जीव वाचवला होता. त्यांना पदावरून काढल्यावर बॅसिलिडीस रोमला गेला आणि स्टीफनकडून आपली बाजू मान्य करून आला. स्पेनच्या मंडळ्यांनी कार्थेजकडे धाव घेतली. सिप्रियनने आफ्रिकेतल्या बिशपांना जमवून उत्तर पाठवलं: तुम्ही नेमलेला नवा बिशपच खरा, स्टीफन दूर आहे, त्याला खरा प्रकार माहीत नाही, त्याला फसवलं गेलं आहे. हे 67वं पत्र, सासऱ्यांच्या बाजूचं. 68वं पत्र सिप्रियनने खुद्द स्टीफनलाच लिहिलं आहे. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) आर्ल शहराचा बिशप मार्सियानस फुटीर गटाला मिळाला होता. सिप्रियन स्टीफनला म्हणतो की तू गॉलच्या बिशपांना आणि आर्लच्या लोकांना पत्रं पाठव, म्हणजे त्याला दूर करून दुसरा बिशप नेमला जाईल, आणि त्याचं नाव आम्हालाही कळव. हे काकांच्या कामाचं.

म्हणजे हाच माणूस एकीकडे रोमने पुढाकार घ्यावा अशी अपेक्षा करतो आणि दुसरीकडे रोमचा निर्णय सरळ बाजूला ठेवतो. त्याला यात विसंगती वाटलेली दिसत नाही. माझ्या वाचनाप्रमाणे पेत्राचं आसन हे सिप्रियनच्या लेखी सगळ्या बिशपांच्या एकीचं मूळ आहे. रोमचा बिशप त्या मुळाशी बसतो म्हणून त्याला थोरलेपण आहे, पण प्रत्येक बिशप आपल्या जागी त्याच आसनाचा वाटेकरी आहे. थोरल्याने घरातल्यांना वेळीच जागं करावं हे त्याचं कर्तव्य. त्याने चुकीचं सांगितलं तर ते मानायची सक्ती कोणावर नाही.

काकांच्या यादीतलं सिप्रियनचं दुसरं अवतरण ख्रिस्तसभेच्या एकतेवर त्याने 251 मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणातलं आहे. हे प्रकरण जुन्या हस्तलिखितांत दोन रूपांत मिळतं. एकात पेत्राला प्राधान्य दिलं गेलं आणि पेत्राचं आसन सोडणारा ख्रिस्तसभेत कसा राहील, असं म्हटलं आहे. दुसऱ्यात ही वाक्यं नाहीत, आणि इतर प्रेषितांना पेत्राएवढाच मान आणि अधिकार होता यावर भर आहे. पहिलं रूप रोमच्या बाजूने कोणीतरी मागाहून घुसडलं, असा आरोप कित्येक शतकं होत राहिला. विसाव्या शतकात मॉरिस बेवनो या जेझुइट अभ्यासकाने हस्तलिखितं ताडून पाहिली, आणि दोन्ही रूपं खुद्द सिप्रियनचीच आहेत या मताकडे आज बहुतेक अभ्यासक झुकतात. आधी पहिलं लिहिलं. पुढे स्टीफनशी वाजल्यावर, रोममध्ये त्या वाक्यांचा आपल्याला अभिप्रेत नसलेला अर्थ लावला जातोय हे पाहून त्याने ती बदलली. हे खरं धरलं, तर सासऱ्यांनी ‘बनावट मजकूर’ हा मुद्दा सोडून द्यायला हवा, आणि ते शब्द आज जसे वाचले जातात त्या अर्थाने लेखकाने लिहिले नव्हते हे काकांनी मान्य करायला हवं.

स्टीफनशी वाजलं ते बाप्तिस्म्यावरून. पाखंडी गटात ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते परत आले तर त्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? स्टीफन म्हणाला, नाही, हात ठेवून प्रार्थना पुरे. 1 सप्टेंबर 256 रोजी कार्थेजला 87 बिशपांची मतं नोंदवली गेली आणि ती सगळी स्टीफनच्या विरुद्ध होती. सिप्रियनने सुरुवातीलाच सांगितलं की आपल्यापैकी कोणी स्वतःला बिशपांचा बिशप म्हणवत नाही. कप्पदुकियातल्या कैसरियाचा बिशप फर्मिलियन तर याहून तिखट निघाला: सगळ्यांना तोडतोय असं समजून स्टीफनने स्वतःलाच सगळ्यांपासून तोडून घेतलं, असं त्याने लिहिलं.

सासरे हा प्रसंग नेहमी पुढे करत असतील, आणि करायलाही हवा. पण पुढे काय झालं तेही सांगावं लागेल. 314 मध्ये आर्लच्या परिषदेने स्टीफनचीच भूमिका उचलली: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. आज तुमच्या सासऱ्यांची मंडळी कॅथलिक घरातून आलेल्या माणसाचा बाप्तिस्मा ग्राह्य धरत असेल, तर ती स्टीफनच्याच मताने चालते. आता काकांसाठी. उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन याने दीडशे वर्षांनी सिप्रियनची चूक माफ केली, ती या कारणाने की तोवर या प्रश्नावर सर्वसाधारण परिषदेचा निर्णय झालेला नव्हता. स्टीफनने निर्णय तर दिला होता, पण ऑगस्टीनच्या दृष्टीने तेवढ्याने विषय मिटलेला नव्हता. आणि मिस्साच्या जुन्या रोमन प्रार्थनेत ज्या संतांची नावं घेतात त्यांत कॉर्नेलियसच्या लगोलग सिप्रियनचं नाव आहे, पोप स्टीफनचं नाही. पोपशी उघड मतभेद असताना जो माणूस 258 मध्ये ख्रिस्तासाठी शिरच्छेदाला सामोरा गेला, त्याला रोमने आपल्या वेदीवर बसवलं. माझ्या चर्चच्या या मोठेपणाचा मला अभिमान आहे.

आता बाकीच्यांकडे वळू. क्लेमेंटचं म्हणून ओळखलं जाणारं करिंथकरांना पत्र साधारण 96 सालचं. करिंथमध्ये तरुणांच्या एका गटाने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, पदावरून काढलं होतं. रोमने त्यांना परत घ्या असं सांगितलं, सोबत माणसंही धाडली. काका म्हणतात तसा पत्राचा सूर ठाम आहे: देवाने आमच्याद्वारे सांगितलेलं जे मानणार नाहीत ते धोक्यात पडतील, असं त्यात आहे. करिंथकरांनी ते मनावर घेतलं असावं, कारण सुमारे 170 मध्ये तिथला बिशप डायोनिसियस कळवतो की ते पत्र आमच्याकडे अजून वाचलं जातं. पण पत्र पाठवलंय रोमच्या मंडळीने, ‘आम्ही’ म्हणून. क्लेमेंटचं नाव मजकुरात कुठेच नाही, आणि बिशप व वडील हे शब्द एकाच पदासाठी येतात. काही वर्षांनी अंत्युखियाचा इग्नेशियस हुतात्मा व्हायला निघाला असताना सात पत्रं लिहितो. आशियातल्या मंडळ्यांना तो बिशपाला धरून राहायचा आग्रह पुन्हा पुन्हा करतो. रोमला लिहिताना त्या मंडळीचा अपार गौरव करतो, पण तिथल्या बिशपाचा उल्लेखही करत नाही. त्यामुळे दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत रोमचा कारभार वडिलांचं मंडळ पाहत असावं असं बऱ्याच इतिहासकारांचं मत आहे, आणि त्यांत कॅथलिकही आहेत. तरी याने दुसरा दावा पडत नाही. रोमच्या मंडळीचं वजन एकट्या बिशपाच्या पदाच्याही आधीचं दिसतं, हे उलट लक्ष देण्याजोगं आहे.

गॉलमधल्या लियोनचा बिशप इरेनियस याचं सुमारे 180 सालचं वाक्य दोन्हीकडे येतं. रोमच्या मंडळीच्या विशेष श्रेष्ठत्वामुळे प्रत्येक मंडळीने तिच्याशी जुळलं पाहिजे, असा त्याचा साधारण आशय. मूळ ग्रीक हरवलंय, आपल्या हाती लॅटिन भाषांतर आहे, आणि त्या एका वाक्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. मी विद्यार्थ्यांना सांगतो, वाक्यापाशी अडू नका, इरेनियस वागला कसा ते पाहा. 190 च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा यावर जागोजागी सभा भरवायला लावल्या. आशियातल्या मंडळ्या ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला धरून चालत. इफिसचा पॉलिक्रेटिस म्हणाला, आमची परंपरा प्रेषितांपासून आलेली, धमक्यांना मी भीत नाही. व्हिक्टरने आख्ख्या आशियाला तोडायचा पवित्रा घेतला. तेव्हा इरेनियसने, ज्याने रोमची एवढी थोरवी गायली त्यानेच, व्हिक्टरला समज दिली आणि आठवण करून दिली की तुझ्या आधीचा अनिसेटस आणि स्मुर्णाचा पॉलिकार्प यांचं याच विषयावर जमलं नव्हतं, तरी दोघे शांततेने निरोप घेऊन गेले.

हा प्रसंग चौथ्या शतकातल्या युसेबियसने लिहिलेल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात पाचव्या भागात आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. व्हिक्टर सभा बोलवा म्हणाला आणि त्या बोलावल्या गेल्या. पॉलिक्रेटिसही मान्य करतो की तुझ्या सांगण्यावरून मी बिशपांना जमवलं. तुला आम्हाला सांगायचा हक्कच काय, असं युसेबियसने दिलेल्या पत्रांत कोणी म्हणत नाही. हा काकांचा मुद्दा, आणि तो खरा आहे. पण आशियाने आपली प्रथा सोडली नाही, आणि इतर बिशपांनी व्हिक्टरलाच आवरलं. सासऱ्यांचंही खरं.

‘रोम बोललं, विषय संपला’ हे ऑगस्टीनचं वाक्य काकांनी पाठवलंय. या शब्दांत त्याने ते लिहिलेलं नाही. 417 मधल्या एका प्रवचनात तो पेलागियसच्या (माणूस स्वबळावर पाप टाळू शकतो असं शिकवणाऱ्याच्या) वादाबद्दल म्हणतो, की दोन परिषदांचे ठराव प्रेषितीय आसनाकडे, म्हणजे रोमकडे, पाठवले, तिथून उत्तरं आली, खटला संपला, आता चूकही संपो. रोमच्या दुजोऱ्याला तो केवढं महत्त्व देतो हे यात दिसतं. आधी दोन आफ्रिकन परिषदा झाल्या होत्या हेही दिसतं. मग नवा पोप झोसिमस पेलागियसच्या बाजूला झुकू लागला. आफ्रिकेचे बिशप जागचे हलले नाहीत, आणि 418 मध्ये झोसिमसलाच भूमिका बदलून पेलागियसचा निषेध करावा लागला.

त्याच सुमाराचा अपिआरियसचा खटला याद्यांत क्वचित असतो. सिक्का गावच्या या धर्मगुरूला त्याच्या बिशपाने काढलं; तो रोमला गेला. झोसिमसने रोमकडे दाद मागण्याचे नियम नायसियाच्या सर्वमान्य परिषदेचे म्हणून आफ्रिकेला दाखवले. आफ्रिकेच्या बिशपांनी आलेक्सांद्रिया आणि कॉन्स्टँटिनोपलहून नायसियाच्या नियमांच्या अस्सल प्रती मागवल्या. ते नियम त्यांत नव्हते! ते होते सार्डिकाच्या 343 सालच्या परिषदेचे. रोमच्या संग्रहात ते नायसियाच्या पाठोपाठ उतरवलेले असत, त्यामुळे मला तरी यात लबाडी दिसत नाही. पुढे बिशपांनी पोप सेलेस्टीनला अदबीने पण स्पष्ट लिहिलं: देव एकट्या माणसाला न्यायबुद्धी देईल आणि परिषदेत जमलेल्या असंख्य बिशपांना नाकारेल, असं कोणी कसं मानावं?

पूर्वेकडचं थोडक्यात. 451 मध्ये कॅल्सेडनच्या परिषदेत पोप लिओचं पत्र वाचल्यावर ‘पेत्र लिओच्या मुखाने बोलला’ असा घोष झाला, हे खरं. ‘सिरिलनेही (आलेक्सांद्रियाच्या आधीच्या बिशपाने) हेच शिकवलं’ हा घोषही तेव्हाच झाला, आणि ज्या बिशपांना शंका होती त्यांना ते पत्र सिरिलच्या लेखनाशी ताडून पाहायला वेळ दिला गेला. त्याच परिषदेच्या 28व्या नियमाने कॉन्स्टँटिनोपलला रोमच्या बरोबरीचे मान दिले आणि रोमचं थोरलेपण ती राजधानी असल्यामुळे आहे असं कारण दिलं. लिओने तो नियम फेटाळला. त्याच्या मते कारण पेत्र होता. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स यांच्यातला वाद आजही इथेच अडलेला आहे.

एवढं पाहून माझं मत असं. पहिल्या पाच शतकांत पहिले तीन दावे चांगले उभे राहतात, तिसरा थोडा डगमगत. चौथा 1870 च्या स्वरूपात त्या लेखनात सापडत नाही. मग तो खोटा ठरतो का? हे त्या लेखनावरून ठरत नाही. बी आणि झाड वेगळं दिसतं म्हणून झाड परकं होत नाही, असं मानणारे आहेत. इंग्रज धर्मपंडित न्यूमनने 1845 मध्ये सिद्धांतांच्या विकासावर पुस्तक लिहून त्याच वर्षी कॅथलिक पंथ स्वीकारला तो याच विचाराने. वाढ झाली पण वेगळ्याच दिशेला झाली, असं ऑर्थोडॉक्स म्हणतील. वाढीला बायबलचा आधार हवा, असं तुमचे सासरे म्हणतील. देव आपल्या मंडळीला इतिहासातून कसा नेतो याबद्दल तुमची श्रद्धा काय आहे, यावर इथलं उत्तर अवलंबून आहे. मी न्यूमनच्या बाजूचा आहे. पण म्हणून सिप्रियनला 1870 चा पोशाख चढवणं मला पटत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही 1995 मध्ये इतर ख्रिस्ती पंथांच्या धुरीणांना विनंती केली होती की पोपपदाच्या सेवेचं सर्वांना मान्य होईल असं रूप आपण मिळून शोधू.

काकांना आणखी एक सांगा. अधिकार तत्त्वतः मान्य असला तरी तो कसा चालायचा यावर आपल्याकडेही मोठी भांडणं झाली आहेत. मुंबईत पोर्तुगीज राजाच्या पाद्रुआदोचे (चर्चच्या नेमणुकांवरच्या त्याच्या हक्काखालचे) धर्मगुरू आणि रोमने थेट पाठवलेले प्रोपागांडाचे (रोमच्या मिशनखात्याचे) धर्मगुरू शतकाहून अधिक काळ शेजारी शेजारी राहून एकमेकांशी झगडत होते. ते 1928 च्या करारानंतर मिटलं. दोन्ही बाजूंचे लोक कॅथलिकच होते.

दोघांना उत्तर म्हणून तिसरी यादी पाठवू नका. 59वं पत्र दोघांना पूर्ण वाचायला द्या, मग 67 आणि 68 एकामागून एक. सिप्रियननंतर क्लेमेंटचं पत्र घ्या. 65 छोटी प्रकरणं आहेत, एका बैठकीत होतं. नंतर युसेबियसचा पाचवा भाग, प्रकरणं 23 ते 25. कोणत्याही यादीत सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता बहाल केल्याचं दानपत्र दिसलं तर ते खोडून टाका. ते आठव्या शतकाच्या सुमाराचं बनावट आहे, आणि इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्लाने 1440 मध्येच ते उघडं पाडलं. इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात, पण एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या संचात सिप्रियनच्या पत्रांचे क्रमांक वेगळे आहेत: 59वं तिथे 54वं म्हणून सापडेल, 68वं 66वं म्हणून, आणि फर्मिलियनचं 75वं पत्र 74वं म्हणून. 67वं दोन्हीकडे 67वंच आहे.